तेराव्यानंतर मुलांचं काय? गावात किंवा सोसायटीत मुलांसाठी सोबत गट कसा सुरू करायचा

घरात कुणी गेलं की आपल्याकडे माणसं धावून येतात आणि ते खरंच मोठं बळ असतं. शेजारून पिठलं-भात येतो, कुणी मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपालिकेत खेटे घालतं, कुणी भटजींचं बघतं, दहाव्याला घाटावर गर्दी असते, तेराव्याला गोडाचं जेवण होतं आणि मग जो तो आपापल्या कामाला लागतो. या सगळ्यात घरातलं आठ-दहा वर्षांचं पोर कुठे असतं? बहुतेक वेळा शेजारच्या काकूंकडे, हातात मोबाईल देऊन बसवलेलं. "लहान आहे, त्याला काय कळतंय." त्याला कळत असतं, पण नीट कुणी सांगितलेलं नसतं, मग कानावर पडेल तेवढ्यावरून बाकीचं तो मनानेच जुळवत बसतो, आणि मुलांनी असं मनाने जुळवलेलं बरेचदा खऱ्यापेक्षा जास्त भयंकर असतं.

मी शाळेत शिकवते आणि आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही काही जण मिळून अशा मुलांसाठी एक सोबत गट चालवतो. आई, बाबा, भाऊ-बहीण किंवा जिने सांभाळलं ती आजी गेलेली मुलं पंधरा दिवसांतून एकदा एकत्र येतात, खेळतात, चित्रं काढतात, वाटलं तर बोलतात. आमच्याकडे हे कसं सुरू करता येईल असं बरेच जण विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

कल्पना आमची नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात बेव्हर्ली चॅपेल यांनी १९८२ साली 'डगी सेंटर' सुरू केलं, ब्रेन ट्यूमरने गेलेल्या डगी नावाच्या मुलाच्या आठवणीत. तिथे वयाप्रमाणे मुलांचे गट असतात, मोठी माणसं लेक्चर देत नाहीत, मुलं खेळतात आणि एकमेकांशी बोलतात, राग काढायला गाद्या लावलेली एक 'ज्वालामुखी खोली'सुद्धा आहे. आपल्याकडे तेवढी जागा नसेना का, मूळ गोष्ट एवढीच की ज्याचे बाबा गेलेत त्या मुलाला बाबा गेलेलं दुसरं मूल भेटायला हवं. वर्गात तो एकटाच "बाबा गेले तो" असतो. गटात आला की तिथे सगळेच तसे, मग तो परत एक साधा मुलगा होतो ज्याला कॅरम आवडतो.

आधी पहिले तेरा दिवस

गट नंतर. पहिल्या तेरा दिवसांत जे सांगितलं जातं त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, म्हणून शेजारी, नातेवाईक, शिक्षक यांनी हे आधी समजून घ्या.

खरं सांगा, सोप्या शब्दांत सांगा, आणि "मेले", "वारले" हा शब्द वापरा. "बाबा झोपलेत" म्हटलं की पोर रात्री झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" म्हटलं की ते दारात वाट बघतं आणि न सांगता गेले म्हणून चिडतं. "देवाला चांगली माणसं आवडतात" म्हटलं की एक तर देवावर राग, नाहीतर स्वतः वाईट वागायला सुरुवात. घरात श्रद्धा असेल तर "देवाघरी गेले" जरूर म्हणा, पण त्याच्या आधी शरीराचं सांगा: "बाबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले पण ते परत सुरू झालं नाही. बाबा मेले. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत." वाचायला कठोर वाटतं, मला माहितीये. पण मरण म्हणजे परत न येणं, शरीराचं सगळं काम थांबणं, ते प्रत्येकाला असणं आणि त्याला काहीतरी कारण असणं, या चार गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात हळूहळू कळायला लागतात. त्याहून लहान मूल तेच तेच विचारेल, "बाबा कधी येणार?" दहा वेळा विचारलं तर दहा वेळा तेच उत्तर द्या, त्याच शब्दांत.

अंत्यदर्शन घ्यायचं का, स्मशानात किंवा दफनाला जायचं का, हे मुलाला विचारा, आणि विचारायच्या आधी तिथे काय दिसेल ते सांगा: आई पांढऱ्या कापडात असेल, हात लावलास तर गार लागेल, लोक मोठ्याने रडतील, तुला नको वाटलं तर मावशी तुला लगेच बाहेर आणेल. मुलींना "बायकांनी जायचं नसतं" म्हणून आपोआप मागे ठेवलं जातं, तिलाही विचारा. दहा वर्षांच्या मुलाला मोठा मुलगा म्हणून अग्नी द्यायला लावतात, त्याला हे आदल्या तासाभरात कुणीतरी बाजूला बसवून समजावलेलं हवं आणि तो नाही म्हणाला तर काका देऊ शकतात. पिंडाला कावळा शिवला नाही की मोठी माणसं "काहीतरी इच्छा राहिली" म्हणत चर्चा करतात, शेजारी उभं पोर ते ऐकून मनात धरतं की माझ्यामुळेच राहिली. ते बोलणं मुलांसमोर टाळा.

आणि आईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं. बाप गेलेल्या मुलाने ते बघितलेलं असतं, पुढे कित्येक महिने त्याच्या चित्रात ते येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तुमच्या गावात ठराव झाला नसेल तर ग्रामसभेत मांडा. मुलांसाठी काम करायचं तर इथूनही सुरुवात होते.

आत्महत्या असेल तर? तरी खरंच सांगायचं, कारण चार दिवसांत शाळेत कुणीतरी सांगणारच आहे आणि ते वाईट पद्धतीने सांगणार. "बाबांच्या मनाला खूप त्रास होत होता, इतका की त्यांना नीट विचार करता येत नव्हता, आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला. हे तुझ्या कशामुळेही झालं नाही." कसा घेतला याचे तपशील नकोत, पण मुलाने थेट विचारलं तर खोटंही बोलू नका.

माणसं कुठली घ्यायची

सुरुवातीला चार-पाच मोठी माणसं पुरतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटातल्या बायका, वाचनालय चालवणारे काका, कॉलेजचे एनएसएसवाले. गप्प बसून ऐकता येतं का एवढं एक बघा. प्रवचन देणारा माणूस कितीही भला असला तरी मुलांच्या खोलीत नको, त्याला पोहे आणि हिशोबाची जबाबदारी द्या, तीही लागतेच. ज्याच्या स्वतःच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्याला साधारण वर्षभर थांबायला सांगा. माळीण (२०१४) किंवा इरशाळवाडीसारखं (२०२३) अख्ख्या वस्तीवर संकट आलं तर तिथली सगळीच मोठी माणसं स्वतः दुःखात असतात, अशा वेळी गट चालवणारे शेजारच्या गावातून यायला हवेत, आणि वर्षभर येऊ शकणारेच हवेत, दोन दिवस येऊन जाणारे नकोत.

सुरक्षेचे नियम पहिल्या दिवशी ठरवा आणि ओळखीच्या माणसांनाही लावा. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, एकटं कुणी नाही. बंद दार नाही. मुलाला घरी सोडायला एकट्याने जायचं नाही. स्वयंसेवकाने मुलाशी वेगळं चॅटिंग करायचं नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "घरातलं प्रकरण आहे" म्हणून दाबता येत नाही, हे प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

ट्रेनिंगसाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात जा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले मानसोपचारतज्ज्ञ किंवा समाजसेवक तिथे भेटतात. दोन दिवस द्या म्हणा, आणि पुढे अडलं तर फोन करू द्याल का ते विचारून ठेवा. कठीण केस आली की हा फोनच कामाला येतो.

मुलांपर्यंत कसं पोचायचं

शाळेच्या हजेरीपटात आणि आशाताईंच्या डोक्यात सगळी माहिती असते. घरी जा, जी आई किंवा जे बाबा उरलेत त्यांच्याशी, आजी-आजोबांशी बोला, लेखी परवानगी घ्या. घाई नको, साधारण दोन-तीन महिन्यांनी मुलं गटात जास्त नीट बसतात, आधी घरचीच पडझड सावरायची असते. मुलालाही विचारा. एकदा येऊन बघ, नाही आवडलं तर नको येऊस, एवढंच.

गटाला साधं नाव द्या. "अनाथ", "निराधार" असले शब्द नावात नकोत. आणि हे मी हात जोडून सांगते: फोटो काढू नका. दप्तरवाटप, वह्यावाटप, मागे बॅनर, पुढे मुलं ओळीत उभी, मग तो फोटो गावभर व्हॉट्सॲपवर, याने मुलाला मिळतं ते दप्तर आणि जातं ते कितीतरी जास्त. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर रिकाम्या खोलीचा आणि रंगांच्या डब्यांचा द्या.

जागा, वेळ, खाणं

अंगणवाडीची खोली, समाजमंदिर, वाचनालय, सोसायटीचं क्लब हाऊस, काहीही चालेल, पण दर वेळी तीच जागा आणि तीच वेळ. ज्याच्या घरातलं सगळं अचानक बदललंय त्याला दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहाला तिथे दार उघडं असतं हे माहीत असणं फार मोठं असतं. दोनच मुलं आली तरी गट घ्यायचा, पाऊस असला तरी घ्यायचा. दीड तास पुरतो. एका गटात सहा ते आठ मुलं, साधारण पाच ते आठ, नऊ ते बारा आणि तेरा ते अठरा अशी वयं. कमी मुलं असली तर लहान दोन्ही एकत्र चालतात, टीनेजर्सना मात्र वेगळंच ठेवा. आल्या आल्या खायला द्या, पोहे, उपीट, केळी. त्याच वेळी शेजारच्या खोलीत पालकांना चहा घेऊन बसू द्या, त्यांचं आपोआप बोलणं सुरू होतं.

प्रत्यक्ष दीड तासात काय करायचं

गोलात बसायचं. हातात एक गुळगुळीत दगड फिरवायचा, ज्याच्या हातात दगड तो बोलतो. आपलं नाव, कोण गेलं, वाटलं तर कसं गेलं. "पास" म्हणायचा हक्क सगळ्यांना, मोठ्यांनाही. काही मुलं कित्येक महिने फक्त पासच म्हणतात आणि तरी दर वेळी पहिली हजर असतात, त्यांना बोलतं करायच्या फंदात पडू नका. इथलं बोलणं बाहेर सांगायचं नाही हा नियम मुलांकडूनच म्हणून घ्या, आणि त्याच वेळी अपवाद सांगा: कुणी स्वतःला इजा करणार असेल किंवा त्याला कुणी त्रास देत असेल तर आम्ही योग्य माणसाला सांगणार आणि तुला आधी कल्पना देणार.

मग एक ॲक्टिव्हिटी. रागासाठी शाडूची माती बेस्ट, गणपतीनंतर मूर्तिकारांकडे उरलेली स्वस्तात मिळते, मुलं ती भिंतीवरच्या फळीवर जोरात फेकतात. रद्दीचे पेपर टराटरा फाडायचे. उशा बडवायच्या. पाठ्यपुस्तकासारखं "आज आपण राग व्यक्त करूया" म्हणायची गरज नाही, माती समोर ठेवा आणि बाजूला व्हा.

आठवणींचा डबा हा आमच्याकडे सगळ्यात खोल जाणारा प्रकार. बुटांचा खोका, तो मुलं सजवतात आणि घरून त्यात ठेवायला एखादी वस्तू आणतात. एका मुलाने वडिलांच्या मोटरसायकलची डुप्लिकेट किल्ली आणली होती, गाडी कर्जापायी विकली गेली होती पण ही किल्ली त्याने दिलीच नव्हती. तो काही बोलला नाही, नुसती बोटांत फिरवत बसला. शेजारच्या मुलीने आपल्या खोक्यातून आईच्या टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यात दोनच टिकल्या उरलेल्या, आणि त्याला म्हणाली, या मी लावत नाही, संपतील ना. त्यावर तो म्हणाला, मी पण गाडी दिसली तरी किल्ली लावून बघणार नाही. आम्ही मोठी माणसं तिथेच बसलो होतो आणि आम्ही मध्ये एक शब्द बोललो नाही. बोलायचंही नसतं.

प्रश्नांची पेटी ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. त्यात जे येतं त्यावरून कळतं मुलं एकटीच काय काय वाहत असतात. मी त्या दिवशी आईशी भांडलो म्हणून ती गेली का? बाबांचा आवाज मला आठवत नाहीये, मी वाईट आहे का? आई दुसरं लग्न करणार का? मला पण कॅन्सर होणार का? एकेक चिठ्ठी वाचा आणि सरळ उत्तर द्या. भांडण्याने कुणी मरत नाही. आवाज विसरणं सगळ्यांचंच होतं, घरच्यांच्या जुन्या व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेजमध्ये सापडतो का बघूया. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा.

शेवटची वीस मिनिटं निव्वळ खेळ. लगोरी, कॅरम, लंगडी, काहीही. मुलं दुःखातून खेळात आणि खेळातून दुःखात अशी सारखी ये-जा करतात, पाच मिनिटांपूर्वी रडलेलं पोर खो खो हसतं, आणि घरची माणसं म्हणतात, बघा याला काही वाटतच नाही. वाटतं. लहान मुलाला एका वेळी तेवढंच पेलतं. हे पालकांना समजावून सांगा.

टीनेजर्सचं वेगळं

गोलात बसून भावना सांगणं वगैरे त्यांना नको असतं. त्यांच्याशी बोलणं हाताला काम असताना होतं, मिसळ करताना, सायकल दुरुस्त करताना, टेकडी चढताना, समोरासमोर बसून क्वचितच. "आता तूच घरचा कर्ता" हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तेराव्यालाच ठेवलं जातं, आणि मुलीला "आता भावाची आई तूच". ही वाक्यं बोलणाऱ्या मामा-काकांना भेटा, प्रेमाने सांगा, की ती वाक्यं मागे घ्या. खरंच मागे घ्या म्हणजे मुलासमोर म्हणा, घर आम्ही बघतो, तू शाळा बघ.

आई गेलेल्या मुलीची शाळा सुटणं हा धोका गावात खरा असतो, आधी स्वयंपाकासाठी सुट्ट्या, मग नाव कमी, मग स्थळं. अठरा वर्षांच्या आत लग्न ठरतंय असं कळलं तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. त्याआधी गटातल्या बायकांनी घरी जाऊन सकाळच्या डब्याची काही सोय लावता येते का ते बघा, कधी कधी एवढ्याशा गोष्टीवर शाळा टिकते.

घरातल्या मोठ्यांचे कागद

मुलाच्या झोपेचा आणि घरच्या पैशांचा थेट संबंध असतो, आई रात्री हिशोब करत रडते ते त्याला ऐकू येतं. म्हणून गटात एक माणूस फक्त कागदपत्रांसाठी ठेवा. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या, दोन्ही किंवा एक पालक गमावलेल्या मुलांचाही विचार होतो, २०२३ पासून दरमहा २२५० रुपये झालेत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीकडून. मृत्यूचा दाखला, मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, रेशनकार्ड यांच्या प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स एका फाईलला लावून ठेवा आणि बाकी काय लागतं ते कार्यालयात आधी विचारून घ्या. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतली दरमहा ४००० रुपयांची प्रायोजकत्वाची मदतही तिथेच विचारा. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात १ लाखाची मदत असते, ती तहसीलमधून हलते, तिथे बाईला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

शाळेशी बोलणं आणि कॅलेंडर

मूल शाळेत परत यायच्या आधी वर्गशिक्षकांनी घरी जाऊन यावं, आणि वर्गाला काय सांगायचं ते मुलालाच विचारावं. एक छोटं कार्ड त्याच्या कंपासमध्ये ठेवा, ते बाकावर ठेवलं की न विचारता बाहेर पाणी प्यायला जायची परवानगी. "माझी आई" हा निबंध सहामाहीला येतोच, त्या मुलीला आधी सांगा की तू आजीवर लिही किंवा आईवरच लिही, तुला हवं ते. "वडिलांची सही आण" ऐवजी "घरच्यांची सही आण" म्हणायला काही खर्च नाही.

गटाच्या वहीत प्रत्येक मुलाचं कॅलेंडर करा: गेलेल्या माणसाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध, पितृपक्षातली तिथी, चाळीसावा, पुण्यानुमोदन, महिन्याची मिस्सा, ज्याच्या घरी जे असेल ते. भाऊ गेलेल्या मुलीची राखीपौर्णिमा आणि भाऊबीज. पहिली दिवाळी तर फारच अवघड, घरी सण नसतो, शेजारी फराळ आणून देतात, पण बाहेर सगळी मुलं किल्ला करत असतात आणि याने खेळायचं की नाही हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे गटाचाच एक किल्ला होतो, मुलं मावळे मांडतात आणि कुणाला वाटलं तर आपल्या माणसाच्या नावाची एक पणती लावतात.

गट पुरेसा नाही हे कधी ओळखायचं

रडणं, चिडणं, मार्क कमी होणं, अंथरूण ओलं करणं, आईच्या मागे मागे फिरणं हे पहिले काही महिने होतंच. पण सहा महिने उलटून गेले तरी जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ, शाळा-खेळ-मित्र सगळं बंद, झालेला प्रसंग सारखा डोळ्यांसमोर येणं, खाणं-झोप कोलमडणं, नशा, असं असेल तर डॉक्टरांकडे न्या. आणि "मला पण बाबांकडे जायचंय" हे वाक्य कधीही हलक्यात घेऊ नका. लहान मूल कधी नुसत्या भेटायच्या ओढीने म्हणतं, पण शांतपणे थेट विचारा, "म्हणजे तुला मरून जावंसं वाटतंय का?" विचारल्याने विचार डोक्यात येत नाही. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं, औषधं, दोर हाताबाहेर ठेवा, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, तो २४ तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तातडीचं असेल तर ११२.

स्वयंसेवक, खर्च, निरोप

प्रत्येक गटानंतर मोठ्यांनी अर्धा तास आपापसात बसायलाच हवं. कुणाला कोणतं वाक्य लागलं, कोण आज एकदम शांत होतं, कुणाच्या घरी जायला हवं, हे तिथे ठरतं. थकलेल्या माणसाला दोन महिने सुट्टी द्या, वाईट वाटून घेऊ नका.

खर्च फार नाही, रंग, कागद, माती आणि पोहे. रोख देणग्या घेऊ नका, वस्तू घ्या, हिशोबाची कटकट राहत नाही आणि गावात बोलायला जागा राहत नाही.

मुलांनी किती दिवस यायचं याला मर्यादा नको. कुणी सहा महिन्यांत क्रिकेट टीममध्ये रमतं, कुणी तीन वर्षं येतं. जाणाऱ्याला नीट निरोप द्या, गोलात बसून प्रत्येकाने त्याच्याबद्दल एकेक वाक्य बोलायचं, तो खोका घरी घेऊन जातो. दहावीनंतर किंवा दुसरं कुणी गेल्यावर परत यावंसं वाटलं तर येता येतं हे त्याला स्पष्ट सांगा.

नवीन गट सुरू करायचा असेल तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पहिली भेट ठेवा. पितृपक्ष आणि दिवाळीच्या आधी मुलांची एकमेकांशी ओळख झालेली असते, आणि सहामाही संपेपर्यंत कुणाच्या घरी कधी जायचं याची तुमची वही बऱ्यापैकी भरलेली असते.